नवी मुंबईच्या पत्त्यातला ‘सेक्टर’ हा शब्द मुळात कुठला?
मूळचा लॅटिन. ‘सेकारे’ म्हणजे कापणे, त्यावरून ‘सेक्टोर’ म्हणजे कापणारा. इंग्रजीत तो 16व्या शतकात भूमितीतून आला: वर्तुळाच्या दोन त्रिज्यांमधली फाक, आपल्या शाळेच्या पुस्तकातली वर्तुळपाकळी. पहिल्या महायुद्धात आघाडीच्या एका पट्ट्याला सेक्टर म्हणू लागले, पुढे शहराच्या भागालाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने वाशी, नेरुळ असे नोड, म्हणजे शहराचे मोठे विभाग, आखून त्यांचे सेक्टर पाडले. ‘पाडले’ या आपल्या क्रियापदातही तेच कापणे आहे, हे मला फार आवडते. सेक्शन, सेगमेंट आणि खाचा पाडल्यासारखे अंग असलेला इन्सेक्टही याच धातूचे. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ, तो मात्र यातला नाही. व्युत्पत्तिकोश त्याचे मूळ ‘सेक्वी’, म्हणजे मागोमाग जाणे, असे देतात.