एरर शेवटी बघू

प्रिय विद्यार्थी मित्रा,

तुझ्या अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलरचे, म्हणजे चालता चालता स्वतःचे गेन (गुणक) बदलत जाणाऱ्या नियंत्रकाचे, तू पाठवलेले आलेख पाहिले. वीस सेकंदांत ट्रॅकिंग एरर, म्हणजे हवं ते आउटपुट आणि मिळालेलं आउटपुट यांतला फरक, शून्यावर. तुला आनंद झालाय, मला मात्र काळजी वाटली. सिम्युलेशनमधला प्लँट, म्हणजे जिचं नियंत्रण करायचं ती यंत्रणा, तू गृहीत धरलेल्या मॉडेलसारखाच, हुबेहूब पहिल्या ऑर्डरचा, एकाच पोलचा आहे. (पोल म्हणजे प्रतिसाद किती वेगानं विरतो ते सांगणारा आकडा; जितका जास्त उणे, तितका झटकन.) प्रश्नपत्रिका तूच काढलीस आणि सोडवलीसही तूच.

रोर्स, वालावानी, एथन्स आणि स्टाइन यांचा 1985 चा पेपर या आठवड्यात बाकी सगळं बाजूला ठेवून वाच. मॉडेल त्यांनीही पहिल्या ऑर्डरचंच धरलं. प्लँटचा मुख्य पोल उणे 1 वर. पण उणे 15 च्या रेषेवर पोलची आणखी एक जोडी ठेवली. इतकी लांबची आणि झटकन विरणारी जोडी आपण सगळेच सोडून देतो. मग रेफरन्स, म्हणजे बाहेरून दिलेली आज्ञा, स्थिर ठेवून आउटपुटमध्ये बारीकशी लहर मिसळली. एरर लहानच दिसत राहिला, पण आत गेन सरकत गेले आणि अखेर प्लँट आणि कंट्रोलर यांचा फीडबॅक लूप अस्थिर झाला. का, ते नीट समजून घे. दोन गेन शोधायचे आहेत आणि स्थिर रेफरन्स सांगतो एकच गोष्ट: अज्ञात दोन, समीकरण एक. उरलेल्या दिशेनं गेन कुठेही भटकले तरी त्यांना अडवणारी माहितीच लूपमध्ये नसते. लूप स्थिर राहील असं सांगणारी ल्यापुनोव्हची सिद्धता चुकली नव्हती. तिच्या गृहीतकांत न बसणारा प्लँट समोर आला होता.

डेड झोन, प्रोजेक्शन, सिग्मा मॉडिफिकेशन हे गेनचं भटकणं रोखणारे उपाय नंतर शिकशीलच.

स्विचिंग केलं, म्हणजे एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर उडी मारली, की हे टळेल, असं तू लिहितोस. आधी कागदावर एक गणित कर. दोन मॅट्रिक्स घे, दोन्हींच्या कर्णावर उणे 1. कर्णाबाहेर पहिलीत वर 10, खाली उणे 100. दुसरीत वर 100, खाली उणे 10. दोन्ही सुट्या स्थिर आहेत. आता पहिली मॅट्रिक्स प्रतलाच्या दुसऱ्या-चौथ्या चरणात आणि दुसरी मॅट्रिक्स पहिल्या-तिसऱ्या चरणात वापर. मार्ग फुगत अनंताकडे जातो. म्हणून प्रत्येक बदलानंतर थोडं थांबावं लागतं. पण चुकीचा कंट्रोलर लूपमध्ये असताना थांबायचं किती? तुझ्या प्रबंधाचा खरा विषय मला इथे दिसतो.

15 नोव्हेंबर 1967 ही तारीख मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. त्या दिवशी एक्स-15 विमान कोसळलं, वैमानिक मायकल अ‍ॅडम्स गेले. कारणं एकाहून जास्त होती. पण शेवटी विमान दाट हवेत उतरत असताना अ‍ॅडाप्टिव्ह यंत्रणेनं गेन कमी करायला हवा होता, आणि दोलनात अडकलेल्या त्या यंत्रणेनं तो केला नाही.

बुधवारी येताना ती पोलची जोडी तुझ्या प्लँटमध्ये घालून आण. रेफरन्स स्थिर, आउटपुटमध्ये थोडी लहर, आणि वीस नव्हे, हजार सेकंद चालव. गेनचे आलेख सगळ्यात वर लाव. एरर शेवटी बघू.