मुंगीची नवी 'प्रजाती' की नवी 'जाती'?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकावर त्यांनी लिहिलं, 'मुंगीची नवी प्रजाती सापडली. तिची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे.' शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, प्रजाती नाही, जाती हवं. कोण बरोबर?

बाई बरोबर. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांतली सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. हिंदीत मात्र शेवटच्या दोन पायऱ्यांना बरेचदा 'वंश' आणि 'प्रजाति' म्हणतात. म्हणजे हिंदीतली प्रजाति ती मराठीतली जाती. आपल्याकडे विदर्भात हिंदी बातम्या सतत कानावर, त्यामुळे सरमिसळ होणारच. शिवाय 'जात' लिहिताना हात अडखळतो, असाही माझा संशय आहे. बैलबाजारात मात्र 'गवळाऊ जातीची जोडी' म्हणताना कोणी अडखळत नाही! तिथली जात म्हणजे एकाच जातीतला पोटभेद, हे खरं. 'जाती' या शब्दाची खोडही मान्य करू: एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं. 'एक नवी जाती', 'दोन नव्या जाती' असं लिहिलं की भागतं.

फरक ठसवायचा असेल तर मुलांना आपला काळा मुंगळाच दाखवा. 1787 मध्ये फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याला 'फॉर्मिका कंप्रेसा' नाव दिलं. पुढे वर्गीकरण बदललं आणि तो 'कॅम्पोनोटस कंप्रेसस' झाला. पहिला शब्द प्रजातीचा, तो बदलला. दुसरा जातीचा, तो टिकला. फक्त नव्या प्रजातीच्या नावाच्या व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे त्याचं शेपूट बदललं, 'कंप्रेसा'चं 'कंप्रेसस' झालं.

आता 'वैशिष्ट्ये'. हा शब्द चुकीचा नाही, पण सैल आहे. 'शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कोपरासारख्या वाकलेल्या' हे मुंग्यांचं वैशिष्ट्य खरं, पण ते सगळ्याच मुंग्यांना लागू. नवी मुंगी त्यावरून ओळखायची कशी? इथे नेमका शब्द 'व्यवच्छेदक लक्षणे'. व्यवच्छेद म्हणजे तोडून वेगळं काढणं. कंबरेला एक गाठ की दोन, शृंगिकेला पेरं किती, असं मोजत जायचं. (पेर हा ज्वारीच्या धांड्याचाच शब्द, मुलांना 'खंड'पेक्षा लवकर कळतो.) शृंगिकेला 10 पेरं आणि टोकाच्या दोन पेरांचा जाड सोटा हे सोलेनोप्सिस या चावऱ्या मुंग्यांच्या प्रजातीचं ठळक लक्षण. त्यातली जाती ठरवायला आणखी बारीक बघावं लागतं: डोक्यावरच्या रेघा, अंगावरचे केस, कंबरेच्या गाठीचा आकार.

राहता राहिलं 'सापडली'. अशीच एक बातमी मी आमच्या वावरात मोठ्यानं वाचली, तेव्हा निंदणाऱ्या मावशी म्हणाल्या, "नवी कायची बापा? हे मुंगी त आमच्या धुऱ्यावर आज्याच्या टायमापासून हाये." त्यांचं म्हणणं खोटं कसं म्हणणार? मुंगी जुनीच असते. नवं असतं ते तिचं शास्त्रीय वर्णन आणि नाव. 'नोंद' हा शब्दही इथे टाळा, कारण 'विदर्भात प्रथमच नोंद' म्हणजे आधीच नाव असलेली मुंगी इथे पहिल्यांदा आढळणं.

तेव्हा सर, भित्तिपत्रकावर असं लिहा: 'मुंगीच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध; तिची व्यवच्छेदक लक्षणे पुढीलप्रमाणे.' चौथीच्या मुलांना 'व्यवच्छेदक' जड जात असेल, तर 'ओळखायच्या खुणा' चालेल. मला तर तोच जास्त आवडतो.