टेडी वेदरफर्डच्या तबकड्या : आधी स्पिरिटची बाटली बाजूला ठेवा

नमस्कार. जालन्याच्या जुन्या वाड्यात फडताळात कोलंबिया कंपनीच्या पाच तबकड्या सापडल्या, त्यातल्या तीन तबकड्यांवर टेडी वेदरफर्डच्या बँडचं नाव आहे, यूएसबीनं संगणकाला जोडायच्या प्लेअरवर लावल्या तर सगळं आडातून आल्यासारखं ऐकू येतं, पियानो जवळजवळ नाहीच, म्हणून आता मेडिकलमधून स्पिरिट आणून पुसायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय की हा माणूस खरंच मोठा वादक होता का. होता, जॅझचा अमेरिकी पियानोवादक. त्याबद्दल खाली लिहितोच. पण स्पिरिट लावलं असेल तर तिथेच थांबा, लावलं नसेल तर बाटली झाकण लावून वर ठेवून द्या.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या असतात. सुतार फ्रेंच पॉलिश कसं करतो ते पाहिलं असेल: चपडा लाख स्पिरिटमध्ये टाकून ठेवतो, ती विरघळते. तुमच्या तबकडीत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी धरून ठेवणारी तीच लाख आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला की खाचांच्या कडा मऊ होऊन पुसल्या जातात. पृष्ठभागाची काळी चकाकी जाऊन राखाडी पट्टा उमटतो, आणि त्या पट्ट्यावर सुई आली की कायमची खरखर. यावर उपाय नाही. सॅनिटायझर, काच पुसायचं निळं पाणी आणि बाजारात 'रेकॉर्ड क्लीनर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या याच जातीच्या. त्या नंतरच्या प्लास्टिकच्या, म्हणजे व्हायनिलच्या एलपीसाठी केलेल्या असतात आणि त्यात बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं.

हे इतकं ठासून लिहितोय कारण आमच्या चार तबकड्या एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओनं अशाच घालवल्या. एलपीचं द्रावण लावून पुसल्या, वरून सॉफ्टवेअरनं सगळी खरखर काढली, १२८ केबीपीएसची एमपी३ हातात दिली आणि मूळ फाइल पुसून टाकली. तक्रार केली तर उत्तर मिळालं, 'आवाज स्वच्छ आलाय ना?' पैसे गेले त्याचं फार वाटत नाही. पण तबकडीही गेली आणि कच्ची फाइलही गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून माझं स्पष्ट मत असं, आणि ते कुणाला कडक वाटलं तरी चालेल: कच्ची फाइल देणार नाही म्हणणाऱ्याकडे एकही तबकडी सोपवू नका.

आता धुणं. माळवदाच्या घरातली धूळ म्हणजे पांढरी माती. ती किरकिरी असते. आधी ओलं फडकं लावलं तर पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून पहिल्यांदा कोरड्या मऊ ब्रशनं, खाचांच्या दिशेनं गोल फिरवत झाडून घ्या. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात भांड्यांच्या साध्या लिक्विडचे चार-पाच थेंब, जास्त नाही. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती असतात ते बादलीच्या तळाशी दिसतंच, तोच पांढरा थर खाचेत बसतो. ब्रश ओला करून फिरवा, लेबल कोरडं ठेवा, लगेच नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दुसरा हात द्या आणि सुती कापडानं टिपून घ्या. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका. वाळवायची सावलीत, भांड्यांच्या जाळीत उभी करून. उन्हात नको, पत्र्याखाली तर नकोच, आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली तबकडीची थाळी होते. कूलरच्या झोतासमोरही नको, ओलीनं बुरशी धरते. तडा गेलेली असेल तर धुवायच्या भानगडीत पडू नका.

आडातून आल्यासारखा आवाज मात्र धुण्यानं सुधारणार नाही. त्याची कारणं दोन, आणि दोन्ही तुमच्या प्लेअरमध्ये आहेत.

पहिलं, सुई. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, ७८ च्या खाचेला ३ मिलच्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला टेकते, तिथे कचरा साठलेला असतो. संगीत भिंतींवर कोरलेलं असतं आणि तिथपर्यंत ती धड पोचत नाही. तुमच्या प्लेअरचं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतलं असेल तर ७८ साठीची एसपी सुई थेट बसते. सुईचं वजन कंपनीनं छापलंय तेवढंच ठेवा. हलकं ठेवलं की तबकडीचं भलं होतं असं समजू नका, हलकी सुई खाचेत नाचते आणि जास्त कुरतडते. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन असेल तर तो या तबकड्यांसाठी वापरू नका. पोलादी टाचणी आणि साउंडबॉक्सचा भार, दोन्ही खाच खातात.

दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. यूएसबी प्लेअरच्या आत आरआयएए नावाची भरपाई असते. ती १९५४ नंतर रूढ झाली. ती तीव्र आवाज मुद्दाम दाबते, ५ किलोहर्ट्झला ८ डेसिबलच्या आसपास आणि १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४, कारण एलपी कापताना तो तेवढाच चढवलेला असतो. ब्रिटिश ईएमआय कंपनीच्या घराण्यातल्या ७८ वर, म्हणजे तुमच्या कोलंबियावरही, तो असा चढवलेला नसतो. मग न चढवलेलं दाबलं जातं. पियानोची हातोडी तारेवर पडते तेव्हाची टोकदार सुरुवात नेमकी याच पट्ट्यात असते, म्हणून गायिका ऐकू येते आणि पियानो बुडतो. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) आधी आरआयएए उलटं लावून काढून टाका, मग २५० हर्ट्झचं जुनं ईएमआय वळण (त्या काळची भरपाई) लावा. तयार वळण यादीत नसेल तर फिल्टर कर्व्हमध्ये हातानं काढता येतं: २५० च्या खाली दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबल चढ, अगदी तळाशी ५० च्या आसपास थांबवा, वर सरळ रेषा.

प्लेअरला ७८ चा वेगच नसेल तर ४५ वर वाजवून नंतर वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवता येतो. पण क्रम चुकवू नका. आरआयएए काढणं आधी, वेग वाढवणं नंतर, ईएमआयचं वळण सर्वात शेवटी. उलट केलं की सगळं वळण चुकीच्या जागी जाऊन बसतं आणि मग कितीही खुंट्या पिळल्या तरी पियानो टिनाचा वाटतो. वेग तपासायला ७७ रेघांची स्ट्रोब चकती (फिरत्या प्लेअरवर ठेवायची रेघांची चकती) छापा, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसते. एलईडीखाली बऱ्याचदा काही दिसत नाही, जुना पिवळा बल्ब लावा.

संगणकावर ध्वनिमुद्रण उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या खाली. ही झाली कच्ची फाइल. तिला हात न लावता दोन जागी ठेवा, बाकी सगळं काम प्रतीवर. प्रतीत डावी-उजवी वाहिनी एकत्र करून मोनो करा, उभ्या हालचालीची बरीच खरखर आपोआप वजा होते. मोनो करताच गाणंच गायब झालं तर घाबरू नका, कार्ट्रिजच्या एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्यात. टकटक काढायची ती एकेक निवडून, हातानं. आपोआप टकटक काढणाऱ्या सोयीला टकटक आणि पियानोचा आघात यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही खाते. सरसकट नॉइज रिडक्शन तर टाळाच. अगदीच लावायचं तर ६ डेसिबलच्या वर जाऊ नका. ती खरखर लाखेत मिसळलेल्या दगडी भुकटीची आहे, तबकडी कोरी होती तेव्हाही होती. पाच मिनिटांत कान तिला सरावतो.

आता वेदरफर्ड. जन्म १९०३, व्हर्जिनिया. १९२० च्या दशकात शिकागोत पियानोवादक अर्ल हाइन्सच्या तोडीचा म्हणून नाव. १९२६ मध्ये अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाबरोबर 'स्टॅटिक स्ट्रट' ध्वनिमुद्रित झालं, त्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आहे आणि वेदरफर्डचा पियानोही. त्याच वर्षी तो आशियात निघून आला. १९२८ मध्ये हाइन्स आर्मस्ट्राँगबरोबर आपल्या प्रसिद्ध तबकड्या ध्वनिमुद्रित करत होता तेव्हा हा इकडे पूर्वेला होता. मग शांघाय, मुंबईचं ताज, १९३७ मध्ये पॅरिस, कोलंबो, शेवटी कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल. २५ एप्रिल १९४५ ला कलकत्त्यातच कॉलऱ्यानं गेला, वय ४१. अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या हाताशी त्याच्या आशियातल्या तबकड्या फारशा नव्हत्या, त्यामुळे पुस्तकांत त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात. मला हा अन्याय वाटतो. मुंबईत त्याच्याबरोबर ट्रम्पेट वाजवणारे गोव्याचे फ्रँक फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात संयोजक झाले, म्हणजे आपल्या कानांपर्यंत तो आडवाटेनं आलेलाच आहे.

कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या बँडच्या तबकड्या नाचाच्या आहेत, पियानोला त्यात जागा थोडी. म्हणून त्या आधी ऐकू नका. पॅरिसमध्ये त्यानं एकट्यानं वाजवलेल्या १९३७ च्या बाजू इंटरनेटवर शोधा आणि फक्त डाव्या हातावर लक्ष ठेवा: चार मात्रांतल्या १ आणि ३ वर खर्जातला स्वर, २ आणि ४ वर मधल्या सप्तकातला स्वरगुच्छ, हात सतत झेप घेतोय. उजवा हात सप्तकाच्या जोडस्वरांत ट्रम्पेटसारखा टणत्कार करतो. हा ठसा एकदा कानात बसला की बँडच्या गर्दीतही सापडतो.

मग तुमच्या तबकड्या. अशी बहुतेक गाणी ३२ मापांची असतात, प्रत्येकी ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रा: त्रितालाची बरोबर आठ आवर्तनं. रचना अ-अ-ब-अ, प्रत्येक भाग दोन आवर्तनांचा. अ म्हणजे मुखडा धरा, ब म्हणजे अंतरा. आपला कान समेवर दाद द्यायला बसलेला असतो आणि इथेच तो फसतो, कारण इथे चिमटी वाजवायची ती २ आणि ४ वर. गायन संपलं की पियानोला बऱ्याचदा फक्त ब भाग मिळतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत तो १२ सेकंदांत संपतो! तेवढा तुकडा कापून वेगळा ठेवा आणि दहा वेळा ऐका. नंतर गायिकेच्या ओळींमधल्या फटी ऐका. गवई श्वास घेतो तेव्हा पेटीवाला भरणा करतो ना, तसं तिथे तो दोन-तीन मात्रांत काहीतरी टाकून जातो, आणि माझ्या मते त्याचं उत्तम काम तिथेच आहे. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी हेच खातं.

फाइल इतरांना देता येईल का, हेही विचारलंय. मी वकील नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, त्यामुळे १९४० च्या दशकातलं ध्वनिमुद्रण मोकळं. गाण्याच्या शब्द-चालीचा हक्क मात्र निराळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. जाहीर टाकण्याआधी दोघांची नावं लेबलवर बघून घ्या.

आणि धुण्याआधी दोन्ही लेबलांचे फोटो काढा, लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकाचाही, बॅटरीचा उजेड तिरपा धरून. तिन्ही तबकड्यांचे ते क्रमांक इथे टाका, बाजूंची नावं लावून देतो.