डिसेंट्रालँडमध्ये नवे आहात? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : दोन संध्याकाळी डिसेंट्रालँडमध्ये फिरलो. जिकडेतिकडे रिकामे प्लॉट, माणूस दिसत नाही आणि चित्रही अडखळतं. माझं काही चुकतंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, ते शहर आहेच तसं. डिसेंट्रालँड म्हणजे इंटरनेटवरचं आभासी त्रिमितीय जग; तिथली जागा आणि वस्तू क्रिप्टो नाण्यांत विकत घेता येतात. त्यातलं शहर म्हणजे जेनेसिस सिटी, आणि तिथे ९०,६०१ प्लॉट आहेत. प्रत्येक प्लॉट १६ बाय १६ मीटर, म्हणजे साधारण अडीच गुंठ्यांचा. सगळे मिळून सुमारे २३ चौरस किलोमीटर. २०२१च्या तेजीत अनेकांनी प्लॉट घेतले ते भाव चढल्यावर विकायचे म्हणून. त्यांच्यावर काही बांधलंच गेलं नाही. मध्यावरच्या जेनेसिस प्लाझापासून कडेपर्यंत सरळ चालत गेलात तरी २.४ किलोमीटर होतात, आणि वाटेत बघण्यासारखं फार थोडं.

म्हणून पायी भटकू नका. ‘एम’ दाबून नकाशा उघडा, हवा तो प्लॉट निवडा आणि थेट तिथे उडी मारा. प्लॉटचा पत्ता म्हणजे स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे, उणे १५० ते १५० यांच्यामधले; प्लाझा ०,० वर आहे. पत्ता हाताने लिहिताना उणे चिन्ह राहिलं की शहराच्या भलत्याच टोकाला पोचता. नव्या मंडळींची ही नेहमीची चूक. माणसं भेटायची तर ॲपमधली कार्यक्रमांची यादी आधी बघा. बरेच कार्यक्रम युरोप-अमेरिकेच्या संध्याकाळी असतात, म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा किंवा पहाटे. आपल्या संध्याकाळी सामसूम वाटते ती यामुळेही.

आणखी एक. इथे पातळ्या, शत्रू, शेवट असं काही नाही. हे एक गाव आहे आणि गावात काही ठिकाणी खेळ मांडलेले आहेत. एकच सलग खेळ समजून आत गेलं की पहिल्याच दिवशी हिरमोड होतो.

अडखळण्याचं कारण : तुम्ही जवळ जाल तसे आसपासच्या प्लॉटवरचे देखावे सर्व्हरवरून उतरू लागतात. एका प्लॉटला १०,००० त्रिकोण (संगणकावरची त्रिमितीय चित्रं ज्यांनी जोडून बनतात ते तुकडे) आणि १५ एमबी इतकी मुभा असते, आणि एका वेळी असे अनेक प्लॉट उघडतात. सेटिंगमध्ये किती लांबपर्यंतचे देखावे दिसावेत ते अंतर कमी करा, सावल्या बंद करा, आणि उडी मारल्यावर अर्धा मिनिट जागेवरच थांबा. ब्राउझरपेक्षा संगणकावर उतरवून घ्यायचं ॲप वापरा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमधून या ॲपसाठी जास्त ताकदीची चिप निवडा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं.

प्रश्न : वॉलेट जोडल्याशिवाय आत जाता येतं का? जोडताना काय सांभाळायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : येतं. (वॉलेट म्हणजे क्रिप्टो नाणी आणि डिजिटल वस्तूंची मालकी सांभाळणारं ॲप.) पाहुणे म्हणून जायची सोय दिसली, तर पहिले काही दिवस तसंच जा असा आमचा आग्रह आहे. फिरणं, गप्पा, बरेचसे खेळ फुकट आहेत. पाहुण्याला आपल्या पात्राचे कपडे किंवा वस्तू स्वतःच्या नावावर ठेवता येत नाहीत, एवढंच.

पुढे वॉलेट काढायचं ठरवलंत, तर फक्त खेळासाठी वेगळं काढा. बचतीची नाणी असलेलं वॉलेट इथे जोडू नका. मेटामास्क हे नेहमीचं वॉलेट देतं ते १२ शब्द कागदावर लिहा; वॉलेटची किल्ली तीच. त्यांचा फोटो नको, ईमेलही नको. ते शब्द मागणारा ‘मदतनीस’ हमखास चोर असतो.

प्रवेश करताना वॉलेट सही मागतं. ती साध्या मजकुरावरची सही असते आणि तिला गॅस फी, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीत व्यवहार नोंदवण्याचं शुल्क, पडत नाही. खिडकीत फी दिसली, किंवा ‘तुमच्या सगळ्या वस्तू हलवण्याची परवानगी’ अशा अर्थाचा मजकूर आला, तर तो व्यवहार आहे. तो नाकारा आणि साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. अशी परवानगी एकदा दिली गेली की समोरचा तुमच्या वस्तू पुन्हा न विचारता उचलू शकतो. आधीच दिली असेल, तर ती रद्द करणाराही व्यवहार करता येतो. उशीर मात्र करू नका.

माना हे डिसेंट्रालँडचं नाणं इथरियम आणि पॉलिगॉन या दोन्ही ब्लॉकचेनवर आहे. नाव एकच, पण खाती दोन. कपडे बहुतेक पॉलिगॉनवर विकले जातात, तर प्लॉट आणि नावं इथरियमवर. ‘पैसे पाठवले पण दिसत नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते : वॉलेटमध्ये दुसरं नेटवर्क निवडलेलं असतं. आधी नेटवर्क बदलून पाहा, घाबरून पुन्हा पैसे पाठवू नका.

प्रश्न : एखादा प्लॉट घेऊन ठेवावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आमच्या मते नाही, निदान पहिल्या वर्षात नाही. प्लॉटचं टोकन, म्हणजे मालकीचा डिजिटल दाखला, ही सातबाऱ्यावरची नोंद समजा. मालक कोण, एवढंच ब्लॉकचेनवर असतं. त्यावरची इमारत, चित्रं, आवाज या फाइली वेगळ्या सर्व्हरवर असतात. उद्या ते सर्व्हर बंद पडले, तर नोंद राहील, वाडा राहणार नाही. भावाचं म्हणाल तर माना नोव्हेंबर २०२१मध्ये ५ डॉलरच्या वर होतं आणि २०२२च्या अखेरीस अर्ध्या डॉलरच्याही खाली.

बांधायचीच हौस असेल, तर क्रिएटर हब हे मोफत साधन घ्या आणि देखावा आपल्याच संगणकावर चालवून बघा. प्रसिद्ध करायला प्लॉट लागतोच असं नाही : १०० माना आणि वर इथरियमची गॅस फी भरून नाव घेतलं, की त्या नावावर शहराबाहेरचं स्वतंत्र ‘वर्ल्ड’ उघडता येतं. (नाव विकत न घेणाऱ्याच्या नावामागे वॉलेटच्या पत्त्यातली शेवटची चार अक्षरं लागतात. त्याने खेळात काही अडत नाही.) एका प्लॉटवर उंचीची मर्यादा २० मीटर आहे आणि जोडलेल्या तीन प्लॉटवर ४०. प्लॉट वाढतील तशी उंची त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून मनोरा डोक्यात असेल तर आराखडा आधी करा.

प्रश्न : डिसेंट्रालँडमधली एक टोपी विकून थोडा नफा झाला. कर लागेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : लागेल. १ एप्रिल २०२२पासून भारतात अशा आभासी डिजिटल मालमत्तेवरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर आहे. वजावट फक्त खरेदी किमतीची. एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. नाण्याच्या बदल्यात वस्तू घेणं हासुद्धा नाण्याचा व्यवहारच धरला जातो, आणि हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा २,००० रुपयांना घेतलेलं माना टोपी घेताना २,६०० रुपयांचं झालं होतं. मग ६०० रुपये नफा, १८० रुपये कर, ७ रुपये २० पैसे उपकर. टोपी विकण्याच्या आधीच. टोपीची खरेदी किंमत मग २,६०० धरून पुढचा नफा काढायचा. म्हणून प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि त्या दिवशीचा रुपयांतला भाव वहीत लगेच टिपून ठेवा.