स्टेशनरी, श्रीस्थानक आणि एक चुकलेलं अक्षर

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय: 'मुलाने निबंधात स्टेशनरीचं स्पेलिंग ए-आर-वाय असं संपवलं म्हणून टीचरनी मार्क कापला. पण आमच्या सेक्टरमधल्या दुकानाच्या पाटीवर तसंच लिहिलंय. चूक कोणाची? आणि प्रिन्सिपलची दोन स्पेलिंगं कशी लक्षात ठेवायची?'

चूक पाटीची. ठाण्यात नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांवर हे वाचून माझं डोकं उठतं. ए-आर-वाय म्हणजे जागेवरून न हलणारं. कळव्याच्या अलीकडे सिग्नल मिळेना म्हणून उभी असलेली लोकल. वह्या-पेनं विकायची तर ई-आर-वाय.

क्लासवाले सांगतात, 'एन्व्हलपचा ई लक्षात ठेवा.' मला हे अजिबात पटत नाही. मुलाला खरं कारण सांगा ना! बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. दुकानदाराच्या नावातच ई आहे, तो मालालाही लागला. पाकिटाचा काय संबंध?

आणि हा स्टेशनर कोण? मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते पाठीवर गाठोडं टाकून गावोगाव हिंडायचे. पुस्तकवाले मात्र विद्यापीठांच्या आसपास एका जागी ठाण मांडून बसत, म्हणून ते स्टेशनर. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ साली उभा राहिला, १५५७ मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. म्हणजे न हलणारी लोकल आणि वह्यांचं दुकान ही सख्खी भावंडंच.

वर मी 'ठाण मांडून' लिहिलं, ते मुद्दामच. लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभं राहणं, आपल्याकडे संस्कृत 'स्था', मूळ एकच. स्थानचं झालं ठाण, त्यातूनच गावठाण. प्रतिष्ठानचं पैठणही त्याच धातूचं. आणि आपलं ठाणं? शिलाहारांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव श्रीस्थानक आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथे आली, तेव्हा स्थानकाच्या गावाला स्टेशन मिळालं! 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो, एकदा प्राकृताच्या वाटेने आलेला, एकदा इंग्रजीच्या. पोलीस स्टेशनला ज्याने प्रथम 'पोलीस ठाणे' म्हटलं, त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

गावाचं नाव पोलिसांच्या 'थान्या'वरून पडलं, असं सांगणारे जाणकार अजून भेटतात. शिलाहारांच्या राज्यात कुठलं पोलीस खातं होतं, हे त्यांनी एकदा सांगावंच. थाना हा शब्दही स्थानाचाच. ज्याचा जन्म आपल्या घरातला, त्याला बाप म्हणून कसं दाखवता?

माझं तर ठाम मत आहे की ठाण्या-नवी मुंबईच्या प्रत्येक पोराला स्टेशनरी हा शब्द श्रीस्थानकापासून शिकवावा. मग स्टेशनर डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्याच्या मागे त्याचा ई.

हां, प्रिन्सिपल राहिलंच. शाळेचे मुख्याध्यापक पी-ए-एल, तत्त्व पी-एल-ई. आणि ताई, टीचरनी मार्क कापला ते बरोबरच केलं. मुलाला म्हणावं, आता पाटीवाल्याला जाऊन सांग.