घरगुती फराळाच्या व्यवसायासाठी ओळखीच्या लोकांकडे मदत कशी मागावी?

तुम्ही विचारले आहे की, घरून भाजणी आणि दिवाळीचा फराळ विकायला सुरुवात केल्यावर ओळखीच्या लोकांकडे मदत मागताना संकोच वाटतो आणि मागितली तरी ‘हो, नक्की सांगते’ एवढ्यावरच बोळवण होते. तर मागावे कसे? मी स्वतः ठाण्यात भाजणी, मेतकूट आणि मसाले घरी तयार करून विकते. माझे बहुतेक ग्राहक कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकून आलेले आहेत, म्हणून अनुभवावरून उत्तर देत आहे.

‘नक्की सांगते’ म्हणणाऱ्या व्यक्तीची मदत करण्याची इच्छा बहुधा खरी असते. मात्र नेमके कोणाला आणि काय सांगायचे, हे तिला उमगलेले नसते. ‘आमच्या व्यवसायाकडे लक्ष असू द्या’ ही विनंती नम्र असली, तरी ऐकणाऱ्याने त्यानंतर काय करायचे, हे तीत कुठेच नसते. त्याऐवजी मावशींना असे सांगून पाहा : ‘तुमची पुढची भिशी तुमच्याच घरी आहे ना? मी अर्धा किलो भाजणी देते, तिची थालीपिठे करा आणि कोणी विचारले तरच माझे नाव सांगा.’ त्यांना काय करायचे ते कळते, ते त्यांच्या सोयीचे असते आणि नकार द्यायचा झाला तरी अवघड जात नाही.

यासाठी आधी थोडी तयारी करावी लागते. फोनमधील नावे समोर घेऊन प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीचा वावर कोठे आहे, ते लिहून काढा : कोणी बँकेत आहे, कोणी भजनी मंडळात, कोणाचा योगवर्ग आहे, तर कोणी मोठ्या सोसायटीच्या समितीवर. मग त्या वर्तुळाला साजेशी एकच विनंती त्या व्यक्तीकडे करा. बँकेतल्या भावाने दिवाळीच्या कोरड्या फराळाचे दरपत्रक कर्मचाऱ्यांना दाखवावे. समितीवरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात चालते का, एवढेच विचारून द्यावे. तीच विनंती सरसकट सर्वांना पाठवली, तर ती आपल्यासाठी नाही असे प्रत्येकाला वाटते.

यादी करताना जवळच्या नातेवाइकांवरच थांबू नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, बॉस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली होती, त्यांना ती माहिती कोणाकडून कळली याची पाहणी मांडली आहे. वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून ती कळलेले लोक सुमारे १७ टक्केच होते. उरलेल्यांना ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सांगितली होती. जवळची माणसे बहुधा आपल्याच वर्तुळात वावरतात. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात पोहोचवतो. नोकरी आणि चकली यांत फरक आहे हे मान्य, आणि खाण्याच्या पदार्थाबाबत विश्वासाला अधिक महत्त्व असते हेही खरे. तरीही मुलाच्या शाळेतील पालक, जुन्या कार्यालयातील सहकारी आणि पूर्वीचे शेजारी यांना यादीत अवश्य घ्या.

आता संकोचाविषयी. मला तो रास्त वाटतो, कारण तुमची शिफारस करणारी व्यक्ती स्वतःचा शब्द पणाला लावत असते. अनारसे तेलकट निघाले, तर बोल तिलाही लागतो. म्हणून मदत मागण्यापूर्वी तिला निर्धास्त करणे हे आपले काम आहे. माल तिला आधी चाखू द्या. अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरगुती व्यावसायिकालाही नोंदणी आवश्यक असते. तो १४ अंकी क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटकपदार्थ पाकिटावर छापा. तक्रार आली तर ती थेट तुमच्याकडे पाठवावी आणि माल बदलून मिळेल, हेही स्पष्ट सांगा. तिच्या सांगण्यावरून ग्राहक आला, की त्याच दिवशी तिला तसे कळवा. हे फार कमी लोक करतात, आणि पुढची शिफारस बहुधा त्यामुळेच मिळते.

व्हॉट्सॲपविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश तुमचा नंबर जतन केलेल्या लोकांनाच पोहोचतो, त्यामुळे आधी तेवढी विनंती करावी लागते. दुसरे म्हणजे, पुढे ढकललेल्या संदेशावर तसा शिक्का दिसतो आणि वाचणारा तो जाहिरात समजून सोडून देतो. तुमचा मजकूर फॉरवर्ड करण्यापेक्षा ‘मी यांच्याकडून भाजणी घेतली, खमंग आहे’ अशी एक ओळ आणि फोटो स्वतःहून टाकायला सांगा. मात्र ज्यांनी माल खाल्लेलाच नाही, अशा नातेवाइकांकडून गूगलवर पाच तारे मागू नका. बदल्यात सवलत देऊन अभिप्राय मिळवणे तर गूगलच्या नियमांतही बसत नाही.

घरच्यांना सवलत द्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. माझे मत असे, की नमुना फुकट द्यावा, पण विकताना दर सर्वांना एकच ठेवावा. एका आत्याला कमी दर लावला, की दुसरीला तो कळतोच, आणि तिने पाठवलेल्या ग्राहकालाही तोच दर हवा असतो. दलालीविषयी म्हणाल, तर नियमितपणे मोठ्या ऑर्डरी आणणाऱ्या व्यक्तीशी टक्केवारी उघडपणे ठरवावी. एखाद्या मैत्रिणीच्या हातावर मात्र पैसे ठेवू नयेत, तिला दिवाळीचा डबा पोहोचवावा.

फराळासाठी विचारणा गणेशोत्सव आटोपल्यावर सुरू करावी. नवरात्रानंतर अनेक घरांच्या ऑर्डरी ठरून गेलेल्या असतात. उत्तर आले नाही, तर आठवडाभराने एकदा आठवण करावी आणि तरीही काही कळले नाही, तर त्या वर्षापुरता तो विषय त्या व्यक्तीकडे पुन्हा काढू नये.