'अवशिष्ट सांत' की 'शेषतः सांत'?

आमच्या सोसायटीतली एक पोरगी एमएस्सी करतेय, तिने परवा जिन्यातच अडवलं, काका, 'रेसिड्युअली फायनाइट ग्रुप'ला मराठीत काय म्हणायचं, मी नोट्समध्ये 'अवशिष्ट सांत गट' लिहिलंय, चालेल ना? तिला म्हटलं सावकाश लिहून सांगतो, कारण 'गट' म्हटलं की आम्हा नाशिककरांना आधी सातबाऱ्यावरचा गट नंबर आठवतो.

तर 'गट' ठीक (गणितातला गट म्हणजे बेरजेसारखी, उलटवता येणारी एक क्रिया असलेला संच), 'सांत' पण ठीक (स + अंत, म्हणजे ज्याला अंत आहे तो, अनंताच्या उलट). गडबड आहे ती 'अवशिष्ट'मध्ये. अवशिष्ट म्हणजे उरलंसुरलं. 'अवशिष्ट सांत गट' वाचून कुणालाही वाटेल की मोठ्या गटातून बरंच काही काढून टाकलं आणि जे उरलं ते सांत आहे. इथे तसं काहीच नाही, गट चांगला अनंत असला तरी तो अनंतच राहतो. इथला रेसिड्यू म्हणजे भागाकारातली बाकी.

आपला सिंहस्थच घे ना. २००३ ला झाला, २०१५ ला झाला, आता २०२७ ला. तिन्ही सालांना १२ ने भाग, बाकी ११ च येते, म्हणजे बाराच्या चष्म्यातून ही तिन्ही सालं एकच दिसतात, दोन सालांमधला १२ चा फरक तिथे शून्य होऊन जातो. आता ७ ने भाग. बाक्या येतात १, ६ आणि ४. लगेच वेगळी! पूर्णांकांचा गट अनंत आहे, पण त्यातली शून्य सोडून कुठलीही संख्या उचल, तिला शून्य न करणारा एखादा भाजक सापडतोच (चिन्ह सोडून तिच्याहून मोठा कुठलाही घे की). व्याख्या एवढीच आहे: अविकारक (ज्याने काहीच बदलत नाही तो घटक, बेरजेत शून्य) सोडून प्रत्येक घटकासाठी एखादा सांत गट आणि त्यात जाणारा असा होमोमॉर्फिझम (गटाची क्रिया जपणारी जोडणी, म्हणजेच आपला चष्मा) मिळायला हवा की तिथे गेल्यावरही तो घटक अविकारक होत नाही. एकाच चष्म्याने सगळं दिसायला पाहिजे असं नाही, घटकागणिक चष्मा बदलला तरी चालतं. नवशिके नेमके इथेच घसरतात.

बेरजेखालच्या परिमेय संख्यांचं मात्र असं होत नाही. समज सांत गटात n घटक आहेत. कुठलाही x घे, तो x/n ची n वेळा बेरीज आहे, आणि n घटकांच्या गटात कुठल्याही घटकावर गटाची क्रिया करत तोच n वेळा घेतला की अविकारकच हाती येतो. म्हणजे चष्मा कुठलाही लाव, सगळंच शून्य दिसणार.

म्हणून माझं मत 'शेषतः सांत'. शाळेत आपण 'बाकी' म्हणतो, पण नववीच्या बीजगणितात 'शेष सिद्धांत' येतोच, तेव्हा शेष काही परका नाही. आणि मूळ शब्द 'रेसिड्युअली' हे क्रियाविशेषण आहे, तो 'सांत'ला चिकटतो, गटाला नाही. अंशतः, मूलतः, स्वभावतः या चालीवर शेषतः, म्हणजे 'बाक्यांच्या नजरेने पाहिलं तर'. 'बाकीने सांत' जास्त घरगुती वाटलं असतं, पण बाकी म्हटलं की उधारी आठवते आणि 'बाकी सांत' तर 'बाकी सगळं ठीक' सारखं ऐकू येतं.

एक धोका आहे, मोबाइल 'शेषतः'चं 'विशेषतः' करतो आणि 'सांत'चं 'शांत'. माझ्या एका जुन्या लेखात टायपिंगवाल्याने सगळीकडे 'शांत गट' छापून ठेवलं होतं, वाचणाऱ्यांना वाटलं ध्यानधारणेवर आहे.

आणि हो, उलट अर्थ हवा असेल तर 'शेषतः असांत' लिहू नको, त्याने बाक्यांमध्ये गट अनंत दिसतो असा भलताच अर्थ निघेल. सरळ 'शेषतः सांत नसलेला' लिही, लांबतं जरा पण परिमेय संख्यांना तेच लागू पडतं.